हलशीची माणसे: एका लहान गावाचा इतिहास आणि आपली शिरगणती

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



बोलणारा एकटा उभा असला तरी बोलणे चौघांचे आहे. आम्ही चौघे म्हणजे वाचनालयाच्या बाकावर रोज संध्याकाळी बसणारी मंडळी. दोघे शाळेतून निवृत्त झालेले, एक पोस्टातून, आणि चौथे अजून शेती करणारे. आपल्यापैकी बहुतेकांनी आम्हाला तिथे वाद घालताना पाहिले असेल. आजचे भाषण अशाच एका वादातून निघाले आहे.

झाले असे. गेल्या दिवाळीत आमच्यातल्या एकाच्या घरी नात आली होती. आठवीत शिकते. त्यांचे आजोळ खानापूर तालुक्यातले, हलशीच्या बाजूचे. फराळ चालू असताना ती म्हणाली, "आजोबा, आमच्या पुस्तकात हलशी कदंबांची राजधानी म्हणून आहे. कदंब म्हणजे कन्नड राजे. मग आपण हलशीकडचे मराठी कसे?" आजोबांनी आयुष्यभर सीमालढ्याच्या सभा ऐकल्या, मोर्च्यात चालले. पण त्या प्रश्नाला त्यांच्याजवळ उत्तर नव्हते. "आधी चकली संपव," एवढेच ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी बाकावर येऊन त्यांनी आम्हाला हे सांगितले आणि चौघेही गप्प झालो. मग ठरवले, उत्तर शोधायचे, आणि ते पोरीला सांगण्याआधी आपल्या मंडळात सांगायचे. इथे चुकलो तर सांभाळून घ्याल. पोरगी सांभाळून घेणार नाही!

हलशी आपल्यापैकी अनेकांनी पाहिली आहे. बेळगावहून खानापूर, तिथून नंदगडच्या वाटेने. खानापूरपासून चौदा-पंधरा किलोमीटर. गाव लहान. कौलारू घरे, पावसात हिरवेगार शिवार, डोंगरावर रामतीर्थ, आणि गावात भूवराह नरसिंहाचे ते मोठे देऊळ. सहलीला गेलेला माणूस देऊळ बघतो, फोटो काढतो, परत येतो. आम्हीही पूर्वी तसेच करत होतो. या वेळी मात्र आम्ही तीनदा गेलो आणि गावाचीच चौकशी केली.

सुरुवात नावापासून करू. सर्वांत जुन्या लेखांत या गावाचे नाव पलाशिका असे येते. पलाश म्हणजे आपला पळस. पुढे कदंबांच्या काळात पलसिगे, आणि मग हलशी. आता 'प' चा 'ह' कसा झाला? ही कन्नड भाषेची चाल आहे. जुन्या कन्नडमध्ये जिथे 'प' होता, तिथे साधारण दहाव्या शतकानंतर 'ह' येत गेला. दुधाला 'पालु' म्हणत, त्याचे 'हालु' झाले. दहाला 'पत्तु' म्हणत, त्याचे 'हत्तु' झाले. तसेच पलसिगेचे हलसिगे आणि हलशी. कन्नडमध्ये 'हलसु' म्हणजे फणस, म्हणून काही जण गावाचे नाव फणसावरून आले असेही म्हणतात. पळस म्हणा की फणस, एक गोष्ट पक्की. नाव संस्कृतातून आले, कन्नड माणसांच्या तोंडात घडले, आणि आज मराठी माणूस ते आपले म्हणून सांगतो. आम्ही हे पहिल्यांदा समजून घेतले तेव्हा, खरे सांगतो, जरा अवघडल्यासारखे झाले. आपल्या गावाच्या नावातच कन्नड व्याकरण निघाले म्हणजे आपली बाजू कमकुवत झाली की काय, असे वाटले. हे अवघडलेपण बाजूला ठेवून पुढे चला. त्याच्याकडे परत यायचे आहे.

एकोणिसाव्या शतकात हलशीच्या बाहेर, नंदगडच्या रस्त्यालगत, चक्रतीर्थ नावाच्या छोट्या विहिरीजवळच्या मातीच्या ढिगाऱ्यात काही ताम्रपट सापडले. मुंबई इलाख्यातले सनदी अधिकारी आणि लेखांचे अभ्यासक फ्लीट यांनी ते वाचून १८७७ च्या सुमारास छापले. बनवासीच्या कदंब राजांचे हे ताम्रपट पाचव्या-सहाव्या शतकातले आहेत. म्हणजे ज्ञानेश्वरीच्या सात-आठशे वर्षे आधीचे! भाषा संस्कृत. राजे वैदिक परंपरेतले, आणि दाने बहुतेक जैन संघांना दिलेली.

सर्वांत जुना ताम्रपट काकुस्थवर्म्याचा. आपला जीव वाचवला म्हणून त्याने श्रुतकीर्ती या सेनापतीला खेटग्राम नावाच्या गावातले एक शेत दिले. पुढे मृगेशवर्म्याने वडिलांच्या स्मरणार्थ पलाशिकेत जिनालय बांधले आणि तेहेतीस निवर्तने जमीन दिली. ती यापनीय, निर्ग्रंथ आणि कूर्चक या तीन जैन संघांसाठी. निवर्तन हे तेव्हाचे जमिनीचे माप. मग रविवर्मा आला. विष्णुवर्मा आणि कांचीच्या चंडदंडाला हरवून त्याने पलाशिकेत ठाण मांडले.

या रविवर्म्याच्या काळातला एक ताम्रपट मुद्दाम सांगण्यासारखा आहे. त्यात असे ठरवून दिले आहे की, एका गावाच्या उत्पन्नातून दरवर्षी कार्तिकी पौर्णिमेला जिनेंद्राचा आठ दिवसांचा उत्सव व्हावा, आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांत साधूंच्या जेवणाची सोय व्हावी. मंडळी, आपल्या मंडळाचा उत्सवही वर्गणीवर चालतो. देणगीचे पावतीपुस्तक घेऊन फिरणाऱ्यांना ठाऊक आहे की उत्सवाचा खर्च कुठून निघणार, हे आधी ठरवावे लागते. पंधराशे वर्षांपूर्वी हलशीत हेच ठरवले आणि तांब्यावर लिहून ठेवले. तो उत्सव आज नाही. ते संघही नाहीत. पण गावाने मिळून काही दिवस एकत्र यायचे, बाहेरच्याला जेवू घालायचे आणि त्याचा हिशेब ठेवायचा, ही रीत इथली आहे आणि जुनी आहे.

त्यानंतर सहाशे-सातशे वर्षांनी गोव्याचे कदंब आले. त्यांच्या राज्यात कोकण नऊशे आणि पलसिगे बारा हजार असे दोन मोठे प्रांत होते. हलशी ही त्या बारा हजारांच्या प्रांताची जागा. परमाडी ऊर्फ शिवचित्त आणि विजयादित्य ऊर्फ विष्णुचित्त या दोघा भावांच्या काळात इथे नरसिंहाचे देऊळ झाले. देवळातल्या लेखात कलियुगाचे ४२७० वे वर्ष दिले आहे, म्हणजे इसवी सन ११६९. दोन गाभारे समोरासमोर, एकात नरसिंह-नारायण, दुसऱ्यात भूवराह, आणि वर पायऱ्यापायऱ्यांचे कदंब पद्धतीचे शिखर. याच परमाडीच्या राणीने, कमलादेवीने, कित्तूरजवळ देगावला कमलनारायणाचे देऊळ बांधले. गावात कलमेश्वर, सुवर्णेश्वर, हाटकेश्वर अशी शिवाची देवळेही आहेत. म्हणजे जैन, वैष्णव, शैव असे सगळे एकाच शिवारात.

कदंबांनंतर देवगिरीचे यादव, विजयनगर, बहामनी, आदिलशाही, मराठे आणि कित्तूरकर देसाई अशी राज्ये आली आणि गेली. १८१८ मध्ये पेशवाई संपली. १८२४ च्या ऑक्टोबरात कित्तूरला राणी चन्नम्मांनी इंग्रजांशी लढाई दिली. त्यांचा सरदार संगोळ्ळी रायण्णा याने याच खानापूर-बिडी-संपगावच्या टापूत इंग्रजांना जेरीस आणले, आणि २६ जानेवारी १८३१ रोजी त्याला नंदगडला फाशी दिले. हलशीपासून हाकेच्या अंतरावर! १८३६ मध्ये धारवाडमधून वेगळा काढून बेळगाव जिल्हा झाला. राजे बदलले तरी कुणबी, जैन, लिंगायत, मराठा, गुरव, महार, मुसलमान, रानातले गवळी-धनगर अशी गावातली माणसे बहुतांशी तीच राहिली. त्यांना कोणी भाषा विचारली नव्हती. सारा किती भरणार, एवढेच विचारले जाई.

भाषा विचारायला सुरुवात झाली ती शिरगणतीपासून. इथून आपल्या गोष्टीला दुसरे वळण लागते.

१८८१ च्या शिरगणतीत बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या ८,६४,०१४ होती. त्यांत कन्नड बोलणारे ५,५६,३९७, म्हणजे ६४.३९ टक्के, आणि मराठी बोलणारे २,२५,००८, म्हणजे २६.०४ टक्के. उरलेल्या साडेनऊ टक्क्यांत हिंदुस्तानी आणि इतर भाषा. हे आकडे दोन्ही बाजूंच्या भाषणांत येतात. आम्ही म्हणतो, जिल्ह्याच्या पश्चिमेला आणि बेळगाव शहरात आम्ही जास्त आहोत. ते म्हणतात, जिल्हा सबंध धरा. दोघेही त्याच कागदावरून बोलतात.

पण त्याच कागदात आणखी एक गोष्ट आहे, ती कोणी सभेत सांगत नाही. १८७२ च्या मानाने १८८१ ला जिल्ह्याची लोकसंख्या घटलेली होती. का? तर मधे १८७६ ते १८७८ चा मोठा दुष्काळ पडला. माणसे मेली, कोकणात उतरली, परतली नाहीत. पुढे १९०१ ला जिल्ह्यात ९,९३,९७६ माणसे भरली, आणि तीही दहा वर्षांपूर्वीच्या मानाने दोन टक्क्यांनी कमी. त्या दहा वर्षांत प्लेग आला होता आणि शतक संपतासंपता पुन्हा दुष्काळ पडला होता. आमच्या लहानपणी म्हाताऱ्या बायका 'प्लेगात गाव रानात राहायला गेलं होतं' असे सांगायच्या. आम्हाला ती गोष्ट वाटायची. ती गोष्ट शिरगणतीच्या आकड्यात उतरलेली आहे. २०११ ला याच जिल्ह्यात ४७,७९,६६१ माणसे होती. जिल्ह्याची हद्द मधे थोडीफार बदलली, पण एकशेतीस वर्षांत माणसे पाचपटीहून जास्त वाढली, हे खरे.

आता आपल्या सगळ्यांना पाठ असलेला भाग. त्यावर थोडक्यात बोलतो. १९४६ मध्ये याच बेळगावात ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन झाले आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव आला. १७ जानेवारी १९५६ ला इथे गोळीबार झाला. १ नोव्हेंबर १९५६ ला जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. १९६६ ला सेनापती बापट उपोषणाला बसले, त्यानंतर न्यायमूर्ती मेहरचंद महाजनांचा आयोग नेमला गेला. १९६७ च्या ऑगस्टात त्याने अहवाल दिला. निपाणी, नंदगड, खानापूर धरून २६४ गावे महाराष्ट्राला द्यावीत, २४७ गावे कर्नाटकाला द्यावीत, आणि बेळगाव कर्नाटकातच ठेवावे, अशी शिफारस होती. महाराष्ट्राने ती नाकारली. १९८६ च्या जूनमध्ये कन्नड सक्तीविरुद्धच्या आंदोलनात पुन्हा गोळीबार झाला. २००४ पासून ८६५ गावांचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. हुतात्म्यांच्या घरची माणसे आजही आपल्यात आहेत. त्यांच्यापुढे आम्ही लढ्याचा इतिहास सांगावा, अशी आमची पात्रता नाही.

आम्हाला त्यातला एकच शब्द उचलायचा आहे: 'गाव हा घटक'. आंध्र आणि मद्रास यांची सीमा ठरवताना ह. वि. पाटसकरांनी एक सूत्र वापरले. जिल्हा किंवा तालुका न धरता गाव हा घटक धरायचा, गावात कोणती भाषा बोलणारे जास्त ते बघायचे, आणि ते गाव आपल्या भाषेच्या मुलखाला लागून आहे का ते बघायचे. महाराष्ट्राची मागणी याच सूत्राची राहिली आहे. न्यायाला धरून आहे असे आम्हालाही वाटते. पण त्याचा एक परिणाम आपल्या मनावर झाला. गाव म्हणजे एक आकडा झाले, आणि आकडा म्हणजे एक बाजू झाली. हलशी आपली की त्यांची, या प्रश्नात हलशीचा रविवर्मा, जिनालय, कलियुगाचे वर्ष लिहिलेला दगड, सगळे अडचणीचे झाले. जे आपल्या बाजूला बसत नाही ते आपण सांगेनासे झालो. मुलांनी ते दुसऱ्याच्या पुस्तकात वाचले आणि आपल्यालाच प्रश्न विचारला. चूक मुलांची नाही.

ही गत फक्त आपलीच नाही. युरोपात बाल्कन म्हणून जो डोंगराळ मुलूख आहे, तिथल्या लहान गावांचे याहून वाईट झाले. तुर्कांच्या राज्यात गावातली माणसे मोजत ती धर्मावरून. १८३१ च्या मोजणीत तर फक्त पुरुष मोजले. भाषेचा रकाना नव्हता. १८७० मध्ये सुलतानाने बल्गेरियन चर्चला वेगळी मान्यता दिली आणि ठरवले की दोन तृतीयांश लोकांनी मागितले तर गाव ग्रीक चर्चकडून या नव्या चर्चकडे जाऊ शकेल. झाले! गाव कोणत्या चर्चचे, त्यावरून ते ग्रीक की बल्गेरियन ठरू लागले. भाषा तीच, शेत तेच, विहीर तीच. १९०० मध्ये वासिल कंचोव नावाच्या बल्गेरियन अभ्यासकाने मॅसिडोनियातल्या गावागावांची माणसे मोजून पुस्तक छापले. दुसऱ्या देशांच्या अभ्यासकांनी त्याच मुलखाचे आपापले आकडे छापले, आणि प्रत्येकाच्या आकड्यात त्याचा स्वतःचा देश जास्त भरला! मग १९१२-१३ च्या युद्धांत तो मुलूख ग्रीस, सर्बिया आणि बल्गेरियात वाटला गेला. १९२३ च्या लोझानच्या करारानंतर तुर्कस्तानातले सुमारे बारा लाख ख्रिस्ती ग्रीसमध्ये आणि ग्रीसमधले साडेतीन-चार लाख मुसलमान तुर्कस्तानात धरले गेले. त्यांची घरे धर्मावरून बदलली. त्यांत तुर्की बोलणारे ख्रिस्ती होते, ग्रीक बोलणारे मुसलमान होते. नंतर ग्रीक सरकारने तिथल्या शेकडो गावांची नावेही बदलली.

हे वाचताना आम्हाला एका गोष्टीचे समाधान वाटले आणि एका गोष्टीची भीती. समाधान असे की, एवढा वाद होऊनही आपल्याकडे माणसे गावातून उचलली गेली नाहीत. हलशीतला मराठी बोलणारा आणि कन्नड बोलणारा आजही एकाच गिरणीत दळण टाकतो आणि एकाच बसची वाट बघतो. भीती अशी की, गाव एका बाजूचे ठरवायच्या नादात गावाची आठवणच पुसली जाते. तिथे ती पुसली गेली. आपल्याकडे ती अजून वाचवता येईल.

आता गावात माणसे खरोखर कशाने वाढली, कशाने कमी झाली, त्याकडे बघू. भाषेने नव्हे, पोटाने. आम्ही आमच्याच चार घरांचा हिशेब मांडला. आजोबांच्या पिढीत प्रत्येक घरातून एकजण तरी मुंबईच्या गिरणीत होता. गावकीच्या खोलीत दहा-बाराजण राहायचे, खानावळीत जेवायचे, मनिऑर्डर गावाला यायची. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. आमच्यातल्या एकाचे काका ट्रंक घेऊन परत आले ते कायमचे. त्यानंतरची पिढी गोव्याला गेली. फोंडा, मडगाव, वास्को. हॉटेलात, कारखान्यात, बांधकामावर. आजची पिढी बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत, पुण्याला, बेंगळुरूला.

निपाणीकडे उलटे घडले. तिथे तंबाखूने माणसे खेचून घेतली. वखारीत तंबाखू चाळायला, जर्दा भरायला, विड्या वळायला खेड्यापाड्यांतल्या बाया रोज चालत यायच्या. अंगावर तंबाखूची धूळ, घरी गेल्यावरही भाकरीला तोच वास. १९८१ मध्ये शेतकऱ्यांनी तंबाखूच्या भावासाठी महामार्ग अडवला. ६ एप्रिलला गोळीबार झाला आणि बारा शेतकरी गेले. त्याच सुमारास प्रा. सुभाष जोशींनी वखारीतल्या बायांची संघटना बांधली. 'तंबाखू चाकिला ऊब आली' या नावाचा माहितीपट दीपा धनराज यांनी त्या बायांवर काढला. पिठाची गिरणी चालवता चालवता महादेव मोरे यांनी निपाणीच्या या सगळ्या माणसांवर कथा लिहिल्या. वखारीतल्या बायांत मराठी बोलणाऱ्या होत्या, कन्नड बोलणाऱ्या होत्या, उर्दू बोलणाऱ्या होत्या. मजुरी सगळ्यांना सारखीच कमी होती.

भाषांची ही सरमिसळ आपल्याच तोंडात बघा. आपण थोरल्या भावाला अण्णा म्हणतो, बहिणीला अक्का म्हणतो, सुपारी अडकित्त्याने कातरतो. हे शब्द आपल्याकडे कानडी मुलखातून आले असे जाणकार सांगतात. विठ्ठलाला कानडा म्हणणारे संत आपलेच होते. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बसदी १२०४ ची, रट्टांच्या काळातली. आजच्या जैन घरांत एकाच आडनावाची दोन घरे निपाणीकडे मराठी बोलतात, गोकाककडे कन्नड बोलतात, आणि लग्ने आपापसांत जुळतात. हल्याळ-यल्लापूरच्या रानातले सिद्दी आफ्रिकेतून आलेल्यांचे वंशज, घरात कोकणी बोलतात. खानापूरच्या जंगलातले गवळी-धनगर त्यांची वेगळी मराठी बोलतात. कोणत्या रकान्यात कोणाला बसवायचे, हे शिरगणतीवाल्याला सोपे असेल. गावाला ते कधीच सोपे नव्हते.

मग नातीला काय सांगायचे? आम्ही चौघांनी बरेच दिवस खल केला. शेवटी असे ठरले.

पोरी, तुझ्या पुस्तकात लिहिले आहे ते खरे आहे. हलशी कदंबांची होती. कदंबांच्या राज्यात संस्कृत लिहीत, कन्नड बोलत, आणि दाने जैनांना देत. ते राजे आजच्या कोणत्याही राज्याचे नव्हते, कारण आजची राज्ये तेव्हा नव्हती. आणि तू मराठी आहेस हेही खरे आहे. कारण तुझ्या आजीने तुझ्या आईला आणि आईने तुला ज्या भाषेत झोपवले ती मराठी. दोन्ही खरे असायला काही हरकत नाही. गाव कोणाचे होते हे ताम्रपट सांगतो. गावातल्या आजच्या माणसाची भाषा कोणती, हे त्या माणसाला विचारायचे असते. मराठीचा हक्क आपण मागतो तो आज इथे मराठी माणसे राहतात म्हणून मागतो. कदंब मराठी होते म्हणून मागत नाही. त्यामुळे कदंबांचे खरे सांगितल्याने तो हक्क कमी होत नाही.

उत्तर ऐकून ती म्हणाली, "मग हे आधी का नाही सांगितलं?" याला मात्र आमच्याजवळ खरेच उत्तर नाही.

आता आपल्या सगळ्यांकडे दोन मागणी आहेत, आणि मग थांबतो.

पहिली जनगणनेची. २०२१ ची मोजणी करोनाने पुढे गेली. आता नव्या मोजणीची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ जाहीर झाली आहे. मोजणीत मातृभाषेचा रकाना असतो. नियम साधा आहे: लहानपणी आई आपल्याशी ज्या भाषेत बोलली ती मातृभाषा. त्याशिवाय येणाऱ्या आणखी दोन भाषा सांगता येतात. पुष्कळ घरांत दार उघडणारा घाईत असतो आणि 'लिहा तुम्हीच काहीतरी' म्हणतो. असे करू नका. जे खरे आहे ते सांगा, आणि काय लिहिले ते बघून घ्या. घटनेच्या ३५०-अ कलमाने अल्पसंख्य भाषेच्या मुलांना मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय सांगितली आहे. जिथे अल्पसंख्य भाषिक पंधरा टक्के किंवा जास्त, तिथे सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, असे केंद्राने ठरवून दिलेले आहे. शाळेतला मराठी वर्ग टिकायला हे आकडे लागतात. येत असेल तर दुसऱ्या रकान्यात कन्नडही अभिमानाने लिहा. त्याने पहिला रकाना पुसला जात नाही.

दुसरी मागणी वहीची. मातृभाषेचे छापील तक्ते तालुक्यापर्यंत आणि शहरांपर्यंत येतात, गावापर्यंत येत नाहीत. म्हणजे आपल्या वाडीत कोण राहत होते, हे आपणच लिहिल्याशिवाय राहणार नाही. या गणपतीत गावाला जाल तेव्हा एक शंभर पानी वही न्या. घरटी एक पान. घर कोणाचे, आजोबा कुठून आले, कोण मुंबईला गेले, कोण गोव्याला, कोणती विहीर कोणी खोदली, कोणत्या वर्षी घराला कुलूप लागले. जात, भाषा, धर्म न गाळता सगळ्यांची घरे लिहा. शेजारच्या कन्नड बोलणाऱ्या घराचे पान त्यांच्याच घरातल्याकडून लिहून घ्या, कन्नडमध्ये लिहिले तरी चालेल. हलशीला आम्ही अशी वही सुरू केली आहे. आतापर्यंत एकेचाळीस पाने झाली. त्यातल्या चौदा घरांना कुलूप आहे.

पण मंडळी, ती कुलपे चतुर्थीच्या आदल्या दिवशी निघतात. गोव्याहून, पुण्याहून पोरे येतात. भिंती सारवल्या जातात, माटोळी बांधली जाते, पाटावर गणपती बसतो, आणि पाच-सात दिवस गाव भरलेले असते. आम्ही तिसऱ्यांदा हलशीला गेलो ते अशाच दिवसांत. नरसिंहाच्या देवळाच्या ओट्यावर बसलो होतो. समोरच्या आळीतून आरती ऐकू येत होती आणि एक म्हातारे गृहस्थ आमच्या वहीत त्यांच्या घराचे पान सांगत होते. त्यांना मुलांची नावे सांगून झाली, नातवंडांची सांगून झाली. मग ते थांबले आणि म्हणाले, "लिहिलंत ना सगळं? एकदा वाचून दाखवा बघू."

आम्ही वाचून दाखवले. त्यांनी एक नाव दुरुस्त केले.

गणपती बाप्पा मोरया.